न दुखणारा खडा

बावधन, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

सौ. रंभाबाई यांस,

बावधनहून भुकूमला पत्र टाकणे कुणालाही हास्यास्पद वाटेल. पाकीट चिकटून वाळेपर्यंत पौड रस्त्याने माणूस तुमच्या दारात पोहोचतो. परंतु सुनीतीच्या तेराव्यानंतर तुम्ही माझा फोन घेतलेला नाही. पत्नीच्या पश्चात तिच्या धाकट्या बहिणीच्या घरी बोलावणे नसताना जावे की नाही, याचा नियम मला कोणी शिकवलेला नाही. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात तुमची मुलगी अपेक्षा येऊन गेली. तिच्या हिंजवडीच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांचे रक्त तपासले, त्यात तुमचे कॅल्शियम मर्यादेपेक्षा जास्त निघाले, दुसऱ्यांदा तपासले तरी जास्तच निघाले, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी एका संप्रेरकाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी सुचवली आहे. पहिली तुम्ही करून घेतलीत आणि तीही वाढलेली आली. दुसरीला तुम्ही जात नाही.

सुनीतीच्या रक्तातही हेच दोन आकडे वाढलेले होते. सख्ख्या बहिणींमध्ये हा विकार आढळू शकतो. तिच्या मूत्रपिंडात खडा होता आणि तो कधी दुखला नाही. ज्या दिवशी तो अडकून लघवीची वाट बंद झाली, त्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. आपण सर्वांनी तो साधा ताप समजला; तो रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग होता. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

कृपया सोनोग्राफी करून घ्यावी. खर्चाची व येण्याजाण्याची व्यवस्था मी करतो.

आपला,
निरंजन

भुकूम
१६ फेब्रुवारी

दाजींना रंभाचा नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, मावशी, बँकेचं न्हाई, कोर्टाचं न्हाई, मग हाय तरी कशाचं? मी म्हणलं, बावधनच्या साहेबाचं. तर म्हणतो, ते सायकलवर आलं असतं तरी माझ्याआधी आलं असतं.

फोन घेत न्हाई त्याचा राग मानू नका. आपेक्षानं तुमचे दोनी नंबर आक्काच्या नावानं घालून ठेवलेत. आक्का एक, आक्का दोन. मोबाइलवर आक्का लिहून येतं आन् वाजत ऱ्हातं. माजा हात पुढं हुत न्हाई. एवढंच हाय.

तपासणीचं म्हणाल तर मला काय बी दुकत न्हाई. सकाळी गोठा, मग भाडेकरू पोरांच्या खोल्यांचं पाणी सोडायचं, मग स्वयपाक. सगळं करतीया. उगं चांगल्या पोटावर मशीन फिरवून काय काढायचं? कॅल्शियमचा बंदोबस्त मी केलाय. दूध बंद, ताक बंद, नाचणीची भाकरी बंद. पानातला चुनासुद्धा बंद केला. नुस्तं पान चावतीया, शेळीवानी. तुमीच आक्काला हे पथ्य लावलं व्हतं, तेच मी धरलंय.

तुमी जेवता का? का डबा लावलाय? हात भाजून घेऊ नका.

रंभा

बावधन
२० फेब्रुवारी २०२५

सौ. रंभाबाई यांस,

तुमचे पत्र वाचले. माझ्या जेवणाची चौकशी केलीत, आभारी आहे. पोळीभाजीच्या डब्याची व्यवस्था आहे.

तुमच्या पत्रातील एका विधानाशी मी सहमत होऊ शकत नाही. दुखत नाही म्हणून आत काही नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्या गळ्यात, थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागे, मसुरीच्या दाण्यासारख्या चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातील कॅल्शियम राखणे हे त्यांचे काम. त्यांपैकी एखादी बिघडून अतिरेकी काम करू लागली, की ती हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. रक्तातले जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडात उतरते आणि तिथे खडे धरतात. पुष्कळ रुग्णांना असे खडे असतात आणि त्यांना त्याची गंधवार्ता नसते. म्हणूनच तक्रार नसली तरी पोटाची तपासणी करतात. खडा सापडला तर गळ्यातील बिघडलेली ग्रंथी काढण्याचा सल्ला देतात.

तुम्ही सातवी उत्तीर्ण आहात. हे तुम्हाला समजण्यासारखे आहे. असे असताना टाळाटाळ करणे म्हणजे स्वतःकडे केलेले दुर्लक्ष होय. कृपया पुढील आठवड्यातील सोयीचा दिवस कळवावा.

आपला,
निरंजन

भुकूम
२ मार्च

दाजी,

तुमचं पत्र म्हंजी शाळेतल्या बाईंनी छडी घेऊन उभं ऱ्हावं तसं हाय. सातवी पास हाय म्हणून सांगता, तर ऐका.

मला कळत न्हाई असं न्हाई. समदं कळतंय. आपेक्षानं मोबाइलवर चित्र दावलं, गळा, ग्रंथी, मूत्रपिंड, समदं. मी जात न्हाई ते मला जायचं न्हाई म्हणून.

दिवाळी झाल्यावर आक्का हितं राहायला आली व्हती. तवाच आमची गाय व्याली. आक्का वटीवर बसली व्हती, मी चीक काढून आत आणला तसा तिच्या नाकाला वास गेला. मला म्हणली, रंभे, खरवस करतीस का गं. मी म्हणलं, दाजींचं पथ्य हाय ना. तर म्हणली, दाजी बावधनला हायेत, पथ्यबी तितंच ऱ्हाऊ दे. आन् हसली. दोन वर्सांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. मी वेलदोडा घालून खरवस केला. तिनं ताट चाटून पुसून ठेवलं. मग रोजच दूध, रोज नाचणीची भाकरी. मीच घातली. जाताना डबा भरून दिला, तुमाला दिसू नये म्हणून पालेभाजीच्या पिशवीत खाली ठेवला.

मैनाभरात ती गेली.

तेराव्याला समद्या पावण्यांत तुमी म्हणालात, घरी पथ्य काटेकोर होते, बाहेर काय खाल्ले गेले ते मला ठाऊक नाही. तुमी माज्याकडं बघितलंबी न्हाई. पर आमच्या घरच्यांनी बघितलं. आमच्या धाकट्या जावंला तवापासून कोलीत मिळालंय. परवा हळदीकुंकवाला बायका जमल्या तर म्हणती कशी, रंभाबाईंच्या घरचं काय खाऊ नका गं, आमाला अजून जगायचंय. समद्या हसल्या. मीबी हसले. काय करणार.

तवा दाजी, माज्या पोटात खडे असतील तर असू द्यात. आक्काच्या पोटात मी घातले, देवानं माज्या पोटात घातले. फिट्टंफाट झाली. आता ह्यावर पुन्यांदा लिहू नका.

रंभा

बावधन
३ एप्रिल २०२५

रंभाबाई,

महिना उलटून गेला. उत्तराला इतका उशीर मी आयुष्यात कुणाला केला नव्हता. तुमचे पत्र टेबलावर होते आणि मी रोज ते सरळ करून ठेवत होतो.

मला वाटत होते, तुम्ही तपासणीला जात नाही ती अडाणीपणाने. मी तुम्हाला ग्रंथींची जागा समजावून सांगत बसलो. तुम्ही शिक्षा भोगत आहात, हे मला कळले नाही. ती शिक्षा मीच सुनावली होती, हेही नाही.

सोमवारी मी सुनीतीच्या डॉक्टरांकडे गेलो. खरवसाचे स्पष्ट विचारले. त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "अहो, तो खडा कित्येक वर्षांचा होता. मूत्रपिंडाच्या पोकळीत फांद्या फुटल्यासारखा पसरला होता. महिनाभराच्या दुधाने असा खडा होत नाही. खरवसाने तर नाहीच." कॅल्शियम जेवणातून आलेले नसते, ते हाडांतून सुटलेले असते. मग मी पथ्याचे विचारले. त्यांनी तिचे जुने कागद पुन्हा उघडले. म्हणाले, "दूध, नाचणी तोडा असं मी कधी म्हणालो होतो? जेवणातलं कॅल्शियम फार तोडलं तर त्या ग्रंथी आणखी चेकाळतात."

ते म्हणाले नव्हते. ते पथ्य माझे होते. अहवालावर कॅल्शियम जास्त असा शब्द वाचून मी घरातले कॅल्शियम कमी केले. हिशेब इतका स्वच्छ दिसत होता की तो कुणाला दाखवावा असे मला वाटले नाही. दोन वर्षे तिने कोरा चहा घेतला. नाचणी तुमच्या भागातले अन्न, तिच्या लहानपणचे. ते मी तिच्या ताटातून काढले. रंभाबाई, त्या दोन वर्षांत तिला मिळालेले एकमेव योग्य जेवण तुमच्या घरचे होते.

डॉक्टरांनी जे सांगितले होते, ते मी केले नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली होती. वेळ ठरली होती. त्या तपासणीला मूत्राशय भरलेले लागते, म्हणून सुनीती सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. साडी बदलून बसली होती. मी नक्की वेळ विचारायला तिथे फोन केला आणि सवयीने एक प्रश्न विचारला: रुग्णाला काही दुखत नसताना ही तपासणी कशासाठी? फोनवरच्या मुलीला उत्तर देता आले नाही. मी पिरंगुटच्या कारखान्यात तीस वर्षे यंत्रांची तपासणी केली. चालत्या यंत्राचे झाकण उगाच उघडायचे नाही, हा आमच्या विभागाचा नियम. समोरच्याला उत्तर देता येत नाही म्हणजे आपण बरोबर, हा माझा स्वतःचा. मी वेळ रद्द केली. सुनीतीला म्हणालो, आवश्यकता नाही. ती म्हणाली, "बरं. मग आता हे पाणी कुणाला परत करू?"

हे मी तेराव्याला सांगू शकलो असतो. त्याऐवजी घरच्या पथ्याबद्दल बोललो. त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. घरी पथ्य काटेकोर होते. तुमच्याकडे ती काय खात होती, हे मला खरोखर ठाऊक नव्हते. दोन खरी वाक्ये शेजारी ठेवून मी जमलेल्या लोकांना एक खोटी गोष्ट दिली आणि ते तुमच्याकडे पाहू लागले तेव्हा मला हायसे वाटले. हायसे वाटले, हे मला आजही लिहिता येते, याचेच आश्चर्य वाटते.

तुमचा काहीही दोष नाही. फिट्टंफाट करण्यासारखे देणे तुमच्याकडे नाही. तपासणी करून घ्या. मी विनंती करतो.

निरंजन

भुकूम
१० एप्रिल

दाजी,

पत्र वाचलं. मग आपेक्षाला वाचायला दिलं. मग आमच्या मालकांना वाचून दावलं. मालक जास्त बोलत न्हाईत हे तुमाला म्हाईत हाय. त्ये उठले आन् गोठ्यात जाऊन बसले. मग आत येऊन म्हणले, निदान माणसानं लिहिलं तरी.

मी लई रडले. आक्काच्या मयतीला रडले नव्हते तेवढं. पाण्याचं वाचून तर हसू आलं आन् रडू आलं. ती तशीच व्हती. लहानपणी आई मारायला धावली तरी आक्का म्हणायची, थांब, आधी तुजी बांगडी वर सार, फुटंल.

तुमचं पटलं. खरवसाचं ओझं उतरलं. पर दाजी, आमची जाऊ पत्र वाचत न्हाई. आन् मी वाचून दावलं तर म्हणंल, मेहुण्याकडून लिहून आणलं. तुमी जे बोललात ते तोंडानं बोललात, चार माणसांत. ते कागदावर कसं पुसलं जाईल?

आन् एक. मी एवढे दिस गप ऱ्हायले ती शिक्षा म्हणून, हे तुमी वळखलंत. पर मला भीतीबी वाटतीया. मशीनमध्ये काय निघालं तर? आक्काचं झालं तसं? ते मी कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला सांगतीया कारण तुमी तुमचं सांगितलंत.

२० तारखेला रविवार हाय. भाचीच्या साखरपुड्याचं बोलायला समदे अंगणात जमणार हायेत, तेराव्याला व्हते तेच. या. बोला. तुमी बोललात की दुसऱ्या दिवशी मी तुमच्याबरोबर सोनोग्राफीला येते. न्हाई बोललात तर चहा घेऊन जा, मी काय म्हणणार न्हाई. पर मी येणार न्हाई.

रंभा

बावधन
२२ एप्रिल २०२५

रंभाबाई,

काल गाडीत बोलता आले असते. तुम्ही शेजारी होतात, तुमचे यजमान गेणबा मागे होते आणि मी चांदणी चौकापर्यंत उड्डाणपुलांच्या रचनेबद्दल बोलत राहिलो. म्हणून पुन्हा पत्र.

रविवारी मी जे बोललो ते घरून पाठ करून आलो होतो. अंगणात उभा राहिल्यावर त्यातले काहीच आठवले नाही. मी काय म्हणालो ते मला गेणबांनी नंतर सांगितले: "रंभाबाईंनी तिला जेवू घातलं, मी तिची तपासणी अडवली. ती त्यामुळे गेली." एवढेच म्हणालो म्हणे. पुढचे मात्र मला नीट आठवते. मग तुमच्या जाऊबाई उठल्या. मला वाटले, त्या मला काही सुनावतील आणि ते योग्यच होईल. त्या म्हणाल्या, "आता उन्हात कशाला उभं ऱ्हायलाय, बसा की." आणि तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "वयनी, साखर कुटं ठेवलीया?" तुम्ही म्हणालात, "आमच्या घरची साखर चालंल का तुमाला?" त्या खाली बघत म्हणाल्या, "घाला दोन चमचे जास्त." त्या चहाला मी लायक नव्हतो, पण प्यायलो.

कालचे. खोलीत डॉक्टरांनी मला यंत्राच्या पडद्याजवळ बोलावले. दोन्ही मूत्रपिंडांत खडे, उजवीकडचा मोठा, अजून कुठे अडकलेला नाही, सूज नाही. पोटावर ती थंड जेली तशीच असताना तुम्ही मान वळवून विचारलेत, "एवढा मोठा? मग दुकत कसं न्हाई?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, जागच्या जागी बसलेला खडा बहुतेकदा दुखत नाही. तो हलला की दुखतो." तुम्ही म्हणालात, "म्हंजी बरा भाडेकरू हाय, निघून जाताना भांडण काढणार." डॉक्टर हसले. मी बाहेर आलो.

बाहेर का आलो, ते सांगतो. चार महिने मला एका विचाराने झोपू दिले नाही. सुनीतीला दुखत असणार आणि तिने ते माझ्यापासून लपवले असणार. मी म्हणेन आवश्यकता नाही, म्हणून ती सांगत नसणार. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिलेली ती मला दिसे, कमरेवर हात ठेवलेली, आणि मी तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती असे वाटे. काल तुमच्या तोंडून तो प्रश्न ऐकला आणि कळले की तिला खरोखरच दुखले नसावे. तिने माझ्यापासून काही लपवले नाही. मला मोठा दिलासा मिळायला हवा होता. जिन्यात उभा राहून मी त्या दिलाशाची वाट पाहिली.

तो आला नाही. तिला दुखत असते आणि तिने लपवले असते, तर त्या मृत्यूत तिचाही थोडा हात राहिला असता. मी नकळत तो तिच्या वाट्याला ठेवून होतो. आता तोही नाही. तिचे शरीर बोलत नव्हते, म्हणून तीही बोलू शकत नव्हती. बोलू शकणारी एकच वस्तू होती, तो पडदा, आणि त्याच्यासमोर तिला न्यायचे काम माझे होते.

हे तुम्हाला क्षमेसाठी लिहीत नाही. तुमच्याकडे ती मागणे म्हणजे पुन्हा तुमच्यावर भार टाकणे होय. फक्त नोंदले जावे, इतकेच.

गळ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनी सांगितले तसे करावे. खड्यांचे पुढे वेगळे पाहतील. विलंब नको.

निरंजन

भुकूम
१ मे

दाजी,

तुमचं पत्र मालकांनी वाचून दावलं, माजा चष्मा तुटलाय. मध्येच त्ये थांबले. मी म्हणलं, वाचा की. तर त्येच वाक्य परत एकदा वाचून पुढं गेले.

मी तुमाला माफ केलं असं म्हणणार न्हाई. तुमी मागितलं न्हाई, बरं केलंत. माफ करायचं तर आक्कानं, आन् ती काय म्हणली असती ते तुमालाबी म्हाईत हाय आन् मलाबी. तुमचं चुकलं. न्हाई म्हणून मी तुमच्या पाठीवरनं हात फिरवू का? लहान हायसा का? चुकलंच. पर चुकलेल्या माणसालाबी दोन येळा जेवायला लागतं. तुमचा त्यो डबा मी रविवारी बघितला, गाडीत मागं पडला व्हता. भाजीत पाणी किती आन् भाजी किती ते त्या डबेवाल्यालाच ठावं. आपेक्षा रोज हिंजवडीस्नं येताना बावधनवरनं वळून येईल, तिच्याकडनं घ्या. न्हाई म्हणू नका, मला कारणं वाचायला चष्मा न्हाई.

ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं. गळ्याला चिरा देणार, मालक ऐकूनच गोठ्यात निघून गेले. त्यांच्याच्यानं काय व्हणार न्हाई. डॉक्टर पुढं आला की त्ये नुस्ती मान हलवतात, व्हय साहेब, व्हय साहेब. आपेक्षा घाबरते, तिच्या डोळ्यात पाणी येतं आन् डॉक्टर दुसरीकडं बघतात.

तवा तुमी या. माज्याजवळ बसायचं न्हाई, बाहेर बसायचं. डॉक्टर काय म्हणतील ते नीट ऐकायचं आन् विचारायचं. ग्रंथी कुटली काढली, दुसऱ्या तीन बघितल्या का, खड्याचं कवा बघणार, घरी गेल्यावर काय खायाचं, आपेक्षाचं रक्त तपासायचं का. प्रश्न विचारण्यात तुमचा हात कुणी धरू शकत न्हाई हे आमच्या आख्ख्या घराला म्हाईत हाय. तुमी उत्तरासाठी थांबत नव्हता, एवढंच.

या येळेला थांबा. ते सांगून व्हईपर्यंत थांबा.

रंभा